मेश्राम मॅडमचा उन्हाळा

मेश्राम मॅडमना कुणी भेटायला आलं की त्या आधी त्याच्या पायांकडे बघत. नजर चेहऱ्यापर्यंत पोचायला त्यांना बराच वेळ लागे, आणि तोवर समोरचा माणूस आपली चप्पल उलटी तर घातली नाही ना, मोजा फाटला तर नाही ना, अशा शंकांनी अवघडून उभा राही. आमचे प्राचार्यसुद्धा यातून सुटले नव्हते. ते त्यांच्या खोलीत शिरण्याआधी दारातल्या पायपुसण्यावर बूट पुसून घेत, हे मी स्वतः पाहिलं आहे.

नाट्यविभागाच्या प्रवेशासाठी मी मुलाखतीला गेले, तेव्हा मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी एक लांबलचक स्वगत पाठ करून गेले होते. त्यात रडायच्या जागा भरपूर होत्या आणि प्रत्येक जागी पाणी काढायचा सराव मी घरी आरशासमोर केला होता. आत जाऊन नमस्कार केला, पदर खोचला, तोंड उघडलं. टेबलामागच्या ठेंगण्या बाई माझ्या सँडलकडे बघत म्हणाल्या, "थांब. बाहेर जा आन परत ये."

मी बाहेर गेले, परत आले. "अजून एकदा." पुन्हा गेले, पुन्हा आले. मधेच त्यांनी चहा मागवला, तो आला, त्यांनी तो प्यायला, आणि माझं येणं-जाणं सुरूच. शेवटी मला राग आला. ह्या मुलाखत घेऊन राहिल्या की माझी टिंगल करून राहिल्या, असं मनाशी म्हणत मी दार ढकललं आणि धाडधाड पाय आपटत टेबलासमोर जाऊन उभी राहिले.

"हां," मॅडम म्हणाल्या, "आता तू आली. आतापर्यंत कोण येऊन राहिली होती, कोणास ठाऊक. जा, झाली तुझी ॲडमिशन."

स्वगत राहिलंच. पुढे पुष्कळ दिवसांनी मी त्यांना विचारलं, की तुम्ही माझं पाठांतर ऐकलंच नाही, काहून? तर म्हणाल्या, "मले माहीत होतं त्यात रडणं असन. म्हणून तं नाही ऐकलं."

मॅडम उमरेडला राहत आणि रोज एसटीनं नागपूरला येत. अंगावर उमरेडच्याच हातमागाची सुती साडी, केसांचा घट्ट अंबाडा आणि पायात पांढरे स्पोर्ट्स शूज. साडीखाली शूज बघून नवी पोरं हसत. महिनाभरात त्यांचं हसणं बंद होई, कारण मॅडम त्या शूजमध्ये म्हातारा, पैलवान, नवी नवरी, जड पिशवी घेतलेला माणूस आणि रिकामी पिशवी घेतलेला माणूस असे सगळे चालून दाखवत, आणि पिशवी नसतानाही ती कोणत्या हातात आहे हे शेवटच्या रांगेतून कळे.

बसमध्ये त्या खिडकीची जागा घेत नसत. त्यांना दारासमोरची लागे, चढणारी माणसं दिसायला. दुसऱ्या बायका घरून डबा आणतात तशी मॅडम रोज एक माणूस घेऊन वर्गात येत. "आज एक बाई चढली," त्या सांगत. "हातात काही नव्हतं. पण चढली अशी, का कडेवर लेकरू आहे. लेकरू मोठं झालं असन, शाळेत गेलं असन. कंबर अजून तशीच वाकडी." मग ती बाई त्या आम्हाला करून दाखवत, आणि आमच्यापैकी प्रत्येकाला ती कुठेतरी पाहिल्यासारखी वाटे. त्यांचं सगळं शिकवणं त्यांच्या एका वाक्यात होतं, "पाय आधी, तोंड मंग." हे वाक्य त्या इतक्या वेळा म्हणत की परीक्षेत काही सुचलं नाही तर आम्ही तेच लिहून येत असू आणि त्यावर गुणही मिळत.

आमच्या वर्गात रोशन नावाचा मुलगा होता. नागपूरच्याच जरीपटका भागातला, घरचं कापडाचं दुकान. लहानपणापासून दुकानाच्या पायरीवर उभं राहून गिऱ्हाइकांना हाका मारल्यामुळे त्याचा आवाज असा काही तयार झाला होता, की तो कानात बोलला तरी शेजारच्या वर्गाला ऐकू जाई. त्याला या आवाजाचा फार अभिमान. मॅडमनी एकदा त्याला गंभीरपणे सुचवलं, "रोशन, तुझा आवाज जरीपटक्याहून इथपर्यंत येते गा. उद्यापासून तू येऊ नको, आवाजच पाठवत जाय." रोशनला ती तारीफ वाटली. दोन दिवस तो सगळ्यांना सांगत फिरला.

दुसऱ्या वर्षी आम्ही एक नाटक बसवलं. कुणी लिहिलेलं नव्हतं, मॅडमच्या बसमधल्या माणसांतून आम्हीच जुळवलेलं. मे महिन्यातली दुपार, उमरेडजवळचा एक फाटा, सावलीला एक वाळकं झाड आणि येत नसलेली एसटी. त्या फाट्यावर सात-आठ माणसं वाट बघत असतात. त्यातली एक म्हातारी लेकीकडे निघालेली असते आणि ती सतत बोलते. दिसेल त्याला थांबवून बोलते, कुणी नसलं तर गाठोड्याशी बोलते. ही म्हातारी मी. संवादांचा मोठा वाटा माझाच होता, आणि शेवटी बस आल्यावर सगळे चढत असताना तिचं एक लांब भाषण होतं. त्या भाषणावर नागपुरात टाळ्या पडत. रोशन त्यात फाट्यावर उसाच्या रसाची गाडी लावणारा झाला होता, आणि त्याच्या हाका खऱ्याखुऱ्या असल्यामुळे एका प्रयोगाला प्रेक्षकांतला एक माणूस उठून खरोखरच रस मागायला आला होता.

या नाटकाचं चित्रीकरण कुणीतरी इंटरनेटवर टाकलं आणि लंडनच्या एका नाट्यशाळेनं ते पाहिलं. त्यांच्याकडे निरनिराळ्या देशांतल्या विद्यार्थ्यांची नाटकं व्हायची होती. त्यांनी आम्हाला बोलावलं. जाण्या-येण्याची, राहण्याची सोय त्यांचीच. बातमी आली त्या दिवशी रोशननं ती कॉलेजच्या गच्चीवरून जाहीर केली, त्यामुळे सूचनाफलकावर लावायची गरज पडली नाही.

निघण्याआधी पालकांची सभा झाली. रोशनच्या वडिलांनी विचारलं, पोरांना लंडन दाखवाल ना. मॅडम म्हणाल्या, "दाखवीन. माणसं दाखवीन. इमारती फोटोत चांगल्या दिसतात." वडील जरा काळजीत पडले. त्यांनी रोशनच्या हातात इमारतींची एक यादी गुपचूप दिली असावी, कारण विमानात तो ती पुन्हा पुन्हा बघत होता.

फेब्रुवारी महिना होता. नागपुरातून आम्ही स्वेटर कमरेला बांधून निघालो आणि लंडनला उतरलो तेव्हा दात वाजत होते. मॅडमनी साडीवर पायघोळ ओव्हरकोट चढवला होता. तो त्यांच्या जावयाचा होता, त्याच्या बाह्यांतून त्यांची बोटं दिसत नसत. पण शूज तेच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला एका मोठ्या रेल्वे स्टेशनात नेलं. आम्हाला वाटलं, इथून कुठेतरी जायचं आहे. जायचं कुठेच नव्हतं. बाकांवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चाली बघायच्या, प्रत्येकानं एक माणूस निवडायचा आणि त्याच्या मागे थोडं चालून ती चाल घेऊन परत यायचं. नागपूरला सीताबर्डीच्या व्हरायटी चौकात हाच उद्योग आम्ही दर शनिवारी करत असू. तिथे फार तर एखादा फुलवाला ओरडे. इथे काय होईल, हे कुणालाच माहीत नव्हतं.

रोशननं एक उंच, पांढऱ्या केसांचे, लाल मफलर घातलेले गृहस्थ निवडले. ते छाती काढून, पण एक पाय किंचित आत टाकत चालत. रोशनही छाती काढून, एक पाय आत टाकत त्यांच्या मागे निघाला. इतका जवळून, की लांबून बघणाऱ्याला एकाच माणसाच्या दोन आवृत्त्या वाटाव्यात. गृहस्थ थबकले. रोशन थबकला. गृहस्थ वळले. रोशनला वळता येईना, कारण तो त्यांच्या चालीतून बाहेर कसं यायचं हे विसरला होता.

मॅडम उठल्या, ओव्हरकोट सावरत तिथे गेल्या आणि शांतपणे इंग्रजीत त्यांना म्हणाल्या, की हा माझा विद्यार्थी आहे, आम्ही भारतातून नाटक घेऊन आलो आहोत, आणि त्याला तुमची चाल आवडली. त्या सारवासारव करताहेत असं अजिबात वाटलं नाही. आवडली, म्हणून घेतली, इतकंच.

गृहस्थांनी रोशनला पुन्हा चालून दाखवायला सांगितलं. रोशन चालला. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, गुडघ्यात चूक आहे, माझं ऑपरेशन झालंय, तो इतका वाकत नाही. आणि त्या भल्यामोठ्या स्टेशनात, माणसांच्या लोंढ्यातून, ते रोशनला आपली चाल शिकवू लागले. मॅडम बाजूला उभ्या राहून दोघांना सूचना देत होत्या. जाताना रोशननं त्यांना आमच्या नाटकाचं निमंत्रण दिलं. मॅडम परत बाकावर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "चांगला माणूस आहे. थोडा एकटा आहे." कशावरून, असं आम्ही विचारलं. "घाई असलेला माणूस शिकवत बसत नाही वं."

पुढच्या सकाळी मी उठले, श्रुतीला हाक मारायला तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली. श्रुती माझी खोलीतली जोडीदारीण, नाटकात शाळामास्तरणीचं लहानसं काम करायची. बाहेरची थंडी आणि खोलीतल्या हिटरची कोरडी हवा, यात माझा घसा पार बसला होता. मी खाकरून पाहिलं, गरम पाणी प्यायले, मध चाटला. काही नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रयोग होता, आणि सतत बोलणारी म्हातारी मी होते.

मॅडम मला औषधाच्या दुकानात घेऊन गेल्या. तिथल्या बाईंनी घशात पाहिलं, गोळ्या दिल्या आणि सांगितलं की काही दिवस कुजबुजसुद्धा करायची नाही. दुकानाबाहेर आल्यावर मला रडू फुटलं. मुलाखतीसाठी पाठ केलेलं रडणं वेगळं होतं. आता आवाजच नसल्यामुळे ते फार केविलवाणं दिसत असावं, कारण एक बाई थांबून मला कागदी रुमाल देऊन गेली.

समोर छोटी बाग होती. आम्ही बाकावर बसलो. मला वाटलं, मॅडम आता समजूत घालतील, पुढे खूप संधी येतील वगैरे सांगतील. कारण श्रुतीला माझे सगळे संवाद पाठ होते, हे सगळ्यांना माहीत होतं. तालमीत मी अडखळले की तीच आठवण करून देई. माझ्या जागी ती उभी राहणार, हे उघड होतं.

मॅडम समोरून जाणाऱ्यांचे पाय बघत बसल्या. मग आपणहून बोलू लागल्या. त्या स्वतःबद्दल कधी बोलत नसत, म्हणून मला ते अजून शब्दन् शब्द आठवतं.

"माझे बाबा खदानीत होते, कोळशाच्या. सुरुंगाच्या आवाजानं कान गेले त्यायचे. हळूहळू गेले, आम्हाले समजलंच नाही. मंग बोलणंबी कमी झालं. ज्याले ऐकू येत नाही तो बोलत नाही ना वं जास्त. संध्याकाळी ते गल्लीच्या कोपऱ्यावरून वळले का माय चुलीपाशी बसून त्यायचे पाय पाहे. पाय जड असले तं आधी पाणी दे, हलके असले तं आधी चहा. कधी चुकली नाही. मी लहान होती तवा मले वाटे, सगळ्यायच्या घरी असंच असते."

त्यांनी ओव्हरकोटाच्या बाहीनं नाक पुसलं. नंतर एकदम माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मले एक सांग. तुझा आवाज असता, तू सगळे डायलॉग खणखणीत म्हटले असते, तं इथल्या लोकायले काय समजलं असतं?"

मी मान हलवून सांगितलं, काही नाही.

"मंग गेलं काय तुझं?"

मी रडताना हसले. त्याचाही आवाज आला नाही.

दुपारच्या तालमीत त्यांनी सगळ्यांना सांगितलं, म्हातारीचं काम मीच करणार, आवाजाशिवाय. रोशन म्हणाला, "मॅडम, ती म्हातारी बोलतेच ना पूर्ण टाइम. चुप बसली तं नाटकात बचलं काय?" मॅडम म्हणाल्या, तिला बोलायचंच आहे, अगदी पहिल्यासारखं. फक्त तुम्ही तिला बोलू देऊ नका. तिनं तोंड उघडलं की दुसऱ्यानं सुरू करायचं.

आम्ही करून पाहिलं. मी मास्तरणीकडे वळून तोंड उघडलं, मास्तरणीनं उन्हाची तक्रार सुरू केली. मी रसवाल्याकडे गेले, त्यानं हाक मारली. मी दोघांच्या मध्ये शिरले, ते माझ्या डोक्यावरून एकमेकांशी बोलू लागले. पहिल्यांदा आम्हाला हसू आवरेना. मग हळूहळू ते कमी झालं. शेवटचं भाषण काढून टाकलं. बस येते, सगळे चढतात, म्हातारी गाठोडं उचलेपर्यंत बस निघून जाते. आता तिला अडवायला कुणी नाही. ती तोंड उघडते. पण ऐकायलाही कुणी नाही. ती थोडा वेळ तशीच राहते आणि तोंड मिटते.

श्रुती त्या संध्याकाळी माझ्या नऊवारीच्या निऱ्या करून बघत होती. टाचणी ओठांत धरूनच ती म्हणाली, "तुझा रोल मले भेटला असता तं मले आनंद झाला असता पल्लवी. खोटं काहून बोलू?" मग टाचणी काढून म्हणाली, "पण दुपारी तू तोंड मिटलं ना, तेव्हा मले आमची आजी आठवली." मला बोलता येत नव्हतं ते बरंच झालं.

एक अडचण उरली होती. नाटकात उन्हाळा होता आणि तो नाट्यगृहात कुठेच नव्हता. जुन्या गोदामाचं त्यांनी नाट्यगृह केलं होतं, छत उंच, भिंती विटांच्या. तालमीत आम्ही पदरानं वारा घेत होतो आणि तोंडातून वाफ निघत होती. मॅडम म्हणाल्या, "कपाळ पुसू नका. कपाळ सगळेच पुसतात. ऊन आधी पायाले लागते. डांबरावर उभं राहून पाहिलं नाही काय कधी?" आणि त्यांनी प्रत्येकाला तापलेल्या डांबरावर उभं राहायला शिकवलं. कुणी एका पायावरून दुसऱ्या पायावर, कुणी टाचा उचलून, कुणी झाडाच्या वीतभर सावलीत फक्त अंगठे ठेवून.

प्रयोगाला नाट्यगृह भरलं होतं. पहिल्या रांगेत लाल मफलर दिसला. ते गृहस्थ आले होते, जाड कोट, हातमोजे घालून. मी पडद्याच्या फटीतून बघितलं आणि गाठोडं उचललं.

सुरुवातीला लोक हसले. मी तोंड उघडायचं, कुणीतरी मध्येच बोलायचं, ते हसायचे. रोशनच्या हाकेवर तर टाळ्या पडल्या. भाषा कळत नव्हती, पण कुणाला बोलू दिलं जात नाही हे कळायला भाषा लागत नाही, हे मला तिथे उभ्या उभ्या कळत गेलं. मधेच केव्हातरी हसणं थांबलं. मी माझ्याकडे बघणारे चेहरे बघत होते. आणि त्याच वेळी एक नवल झालं. पहिल्या रांगेतल्या गृहस्थांनी हातमोजे काढले. मग मफलर सैल केला. मग कोटाची बटणं उघडली. त्यांच्या बाजूच्या मुलीनं स्वेटर डोक्यावरून काढलं. मागच्या रांगेत कुणीतरी निमंत्रणपत्रिकेनं वारा घेऊ लागलं. आमचा मे महिना त्यांना लागला होता. रोशननं रसाचा ग्लास पुढे केला तेव्हा मी शपथेवर सांगते, त्या गृहस्थांनी आवंढा गिळला.

बस गेली. मी एकटी उरले. तोंड उघडलं. नाट्यगृहात इतकी शांतता होती, की छतावरच्या पावसाचा आवाज येत होता. मी तोंड मिटलं, गाठोड्याची गाठ पुन्हा घट्ट केली आणि दिवे गेले.

टाळ्यांनंतर ते गृहस्थ आत आले. डोळे लाल झाले होते. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरून विचारलं, शेवटी त्या म्हातारीला काय म्हणायचं होतं? मी मॅडमकडे बघितलं. मॅडम म्हणाल्या, तिलाच विचारा. मला बोलायची बंदी. मी गळ्यावर हात ठेवला, मान हलवली आणि हात उघडून दाखवले. त्यांनी सावकाश मान डोलावली आणि म्हणाले, हो, मला कळलं. मग मफलरनं डोळे पुसत निघून गेले. मी फक्त, घसा बसलाय, बोलता येत नाही, एवढंच सांगत होते. मॅडमना ते कळलं होतं. त्या भिंतीकडे तोंड करून हसत होत्या.

नागपूरला परतल्यावर कॉलेजात सत्कार झाला. तोवर रोशननं सगळ्या गावाला सांगून ठेवलं होतं, की आम्ही ऐन थंडीत लंडनला घाम फोडला. प्राचार्यांनी भाषणात तेच सांगितलं. अभिनयाची ताकद काय असते बघा, प्रेक्षकांनी कोट काढले, असं ते आवाज चढवून म्हणाले. टाळ्या झाल्या. आम्ही छाती काढून बसलो होतो. मग मॅडम बोलायला उभ्या राहिल्या. त्यांना आयुष्यात भाषण करता आलं नाही. म्हणाल्या, "पोरायनं चांगलं काम केलं. एक सांगायचं राहिलं. प्रयोगाच्या आधी मी तिथल्या माणसाले सांगून हिटर पुरा वाढवून घेतला होता." आणि खाली बसल्या.

सभागृह हसून कोसळलं. प्राचार्य आपल्या कागदांत तोंड घालून काहीतरी शोधू लागले. रोशन मात्र मनापासून दुखावला. दुसऱ्या दिवशी वर्गात तो त्यांना म्हणाला, "मॅडम, आमची ॲक्टिंग काहीच नव्हती का मग? सगळं हिटरचंच होतं?" आवाज त्याचाच होता, पण मला पहिल्यांदाच तो लहान वाटला.

मॅडमनी त्याला समोर बसवलं. म्हणाल्या, "कुडकुडणाऱ्या माणसाले ऊन कसं समजन गा? तो आपल्याच थंडीत राहते. मी त्याची थंडी तेवढी काढली. ऊन तुम्ही दिलं. हिटरनं कोट निघते, रडू नाही येत." रोशन म्हणाला, हे शेवटचं वाक्य तुम्ही सत्कारात काहून नाही म्हटलं? मॅडम म्हणाल्या, "तिथं तुमची मान आधीच वर होती. अजून वर केली असती तं मोडली असती."

मागच्या वर्षी मॅडम निवृत्त झाल्या. निरोपाचा कार्यक्रम नको, असं त्यांनी बजावलं होतं, त्यामुळे शाल-श्रीफळ न होता त्या एके दिवशी नेहमीसारख्या निघून गेल्या. रोशन आता आकाशवाणीवर जाहिराती बोलतो आणि त्यावर नीट जगतो. श्रुतीनं स्वतःचा नाट्यगट काढला आहे. मी नागपुरातच आहे, नाटकं बसवते. जाण्याआधी मॅडमनी मला बोलावून सांगितलं, विभागात नवी बॅच आली आहे, पहिला वर्ग तू घेजो.

मी म्हटलं, मला शिकवता येत नाही. म्हणाल्या, "तुले कोण शिकवायले सांगून राहिलं? वर्ग घे म्हटलं." आणि त्या स्वतः येऊन बसणार, हेही सांगितलं. त्यामुळे माझी जास्तच घाबरगुंडी उडाली.

ठरलेल्या दिवशी मी वर्गात उभी राहिले. समोर पंचवीसेक पोरं, काहींच्या डोळ्यांत झोप, काहींच्या हातात मोबाइल. शेवटच्या बाकावर मॅडम. सुरुवातीची दहा मिनिटं मी त्यांच्याकडेच बघून बोलत होते. त्या कपाळाला आठी घालतात का, खिडकीबाहेर बघतात का. मग पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं काहीतरी विचारलं. प्रश्न असा होता की उत्तर देताना मला टेबलामागून बाहेर यावं लागलं. मग दुसऱ्यानं विचारलं. मोबाइल खिशात गेले. मी दोन मुलांना पुढे बोलावलं, त्यांना काहीतरी करायला लावलं, ते चुकले, सगळे हसले, मीही हसले. असं बरंच चाललं. वर्ग संपत आला तेव्हा मला मॅडमची आठवण झाली आणि मी मागे बघितलं. शेवटचा बाक रिकामा होता.

इतकं वाईट झालं, की त्या उठून गेल्या? वर्ग सुटल्याबरोबर मी बाहेर येऊन फोन लावला. फोनमध्ये एसटीच्या इंजिनाची घरघर ऐकू येत होती. त्या उमरेडच्या रस्त्याला लागल्या होत्या.

"मॅडम, काय चुकलं माझं?"

"काही नाही."

"मग तुम्ही उठून काहून गेल्या?"

"तू बोलून राहिली होती, पोरं ऐकून राहिले होते," मॅडम म्हणाल्या. "माझ्याकडे कोणीच पाहत नव्हतं. मंग मी निंगाली."